बसायची जागा आणि दुखरी कंबर



आपल्या कोल्हापुरात कुणाच्याही दारात गेलं की पहिला शब्द कानावर येतो तो 'बसा'. चहा नंतर, ख्यालीखुशाली नंतर. आधी पाहुण्याला बसायला द्यायचं. पण पाहुण्याला बसा म्हणणारी हीच बाई सकाळी डबा घेऊन कामावर गेली, की तिला 'बस जरा' म्हणणारं तिथं कुणी असतं का? कापड दुकानात दिवसभर उभी राहणारी पोरगी, पतसंस्थेत मोडक्या खुर्चीवर आठ तास आकडे भरणारी ताई, कांडी मशीनवर वाकून बसणारी मावशी, या सगळ्यांची संध्याकाळची तक्रार एकच असते. कंबर धरली, पाठ भरून आली.

आपण त्यावर तेल चोळतो, गरम पाण्याची पिशवी घेतो, आणि 'बाईच्या जातीला हे असायचंच' म्हणून झोपतो. कामावर बसायला नीट जागा देणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे आपल्या मनातही येत नाही. मालकाच्या मनात येणं तर लांबच. म्हणून आज या बसण्याचा इतिहास सांगते. तो दीडशे वर्षांचा आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मराठी मुलखात घडलेला आहे.

बसणं म्हणजे मान

पूर्वीच्या कचेरीत खुर्ची नव्हतीच. पेशवाईत सरकारी लिखापढी जिथं चाले त्याला फड म्हणत.  कारकून जमिनीवर बैठक मारून, बोरूनं मोडी लिहीत. सावकाराच्या पेढीवर गादी-तक्क्या आणि पुढ्यात बसकं लाकडी डेस्क. कंबर त्यांचीही दुखत असणार. पण त्या बैठकीला मान होता. गादीवर कोण बसतो आणि दाराशी उभा कोण राहतो, यावरून माणसाची पायरी ठरायची. इंग्रजी अमलात कचेरीत टेबल-खुर्ची आली, आणि खुर्ची हा शब्दच सत्तेचा झाला. आजही आपण 'त्याला खुर्ची मिळाली' म्हणतो ते लाकडाबद्दल म्हणत नाही.

या खुर्चीचा प्रश्न सगळ्यात आधी धसाला लावला तो आपल्या राजानं. 26 जुलै 1902 रोजी राजर्षी शाहू महाराजांनी हुकूम काढला आणि करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. ज्यांना कचेरीच्या उंबऱ्यावर उभं राहायची सवय लावली होती, त्यांना आत बसायचा हक्क मिळाला. म्हणून मी म्हणते, बसायला जागा मागणं म्हणजे आळस मागणं नव्हे. कोल्हापूरच्या मातीत तरी ती माणुसकीची मागणी आहे.

गिरणीत उभं आयुष्य

आता कचेरीतून गिरणीत येऊ. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कापडगिरण्या निघाल्या. घाटावरून, कोकणातून माणसं तिकडं गेली, बायकाही गेल्या. बायकांची कामं मुख्यतः रिळिंग आणि वाइंडिंग या खात्यांत. यंत्रांच्या रांगेपुढे उभं राहायचं, येरझाऱ्या घालायच्या, तुटलेला धागा जोडायचा, टोपली उचलायची. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम. आठवड्याची सुट्टी नाही.

1881 साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला, पण तो फक्त मुलांपुरता. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. तेव्हा पुढे आले नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पगार.

यातली शेवटची मागणी नीट ऐका. कामामुळे शरीराला इजा झाली तर तिचा भार कामगारानं एकट्यानं सोसू नये, हा विचार मराठी कामगारांनी 1884 सालीच मांडला होता. 24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत कामगारांची मोठी सभा झाली, दहा हजार माणसं जमली, आणि त्या सभेत दोन कामगार बायका उभं राहून बोलल्या. त्या काळी बाईनं चारचौघांत बोलणं म्हणजे काय, हे बचत गटाच्या पहिल्या मीटिंगला नाव सांगतानाही जीभ अडखळलेल्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी 10 जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या कायद्यात बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा आली आणि त्यात दीड तास विसावा द्यायचं ठरलं.

म्हणजे पहिली लढाई तासांची होती. पाठीला आराम मिळायचा तो काम थांबल्यावरच. काम चालू असताना पाठीचं काय, हा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता.

पुढची मोठी पायरी बाबासाहेबांची. माणगाव आपल्याच हातकणंगले तालुक्यातलं. तिथं 1920 साली शाहू महाराजांनी ज्यांचं नेतृत्व जाहीरपणे उचलून धरलं, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याच्या विधेयकाच्या बाजूनं बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की बाईच्या कामाचा फायदा मालकाला होतो, तर तिच्या शरीराला विश्रांती लागते तेव्हा काही भार त्यानंही उचलला पाहिजे. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, आणि 1946 च्या दुरुस्तीनं कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. आज आपण आठ तासांची ड्युटी म्हणतो, तिच्यामागे हा माणूस उभा आहे.

कलम 44

स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाने अधिनियम आला. 1 मार्च 1949 ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि बरोबर महिन्यानं, 1 एप्रिल 1949 ला, हा कायदा लागू झाला. त्याचं कलम 44 फक्त बसण्याबद्दल होतं.

सोप्या भाषेत ते असं होतं. ज्यांना उभं राहून काम करावं लागतं त्या सगळ्या कामगारांसाठी कारखान्यात बसायची योग्य सोय पाहिजे, म्हणजे कामात मध्येच सवड मिळाली तर त्यांना टेकता येईल. आणि एखादं काम बसूनही चांगलं होण्यासारखं असेल, तर मुख्य कारखाना निरीक्षक मालकाला लेखी हुकूम देऊन अमुक तारखेच्या आत बसायची व्यवस्था करायला लावू शकत असे. याच कायद्याचं कलम 34 सांगत होतं की इजा होईल इतकं ओझं कुणाला उचलायला लावू नये.

सवड मिळाली की बसायचा हक्क. केवढी साधी गोष्ट! पण याचा अर्थ फार मोठा. मुकादम येताना दिसला की पटकन उठून उभं राहायचं, बसलेलं दिसलं की 'काम नाही का?' हे ऐकायचं, ही रीत कायद्याच्या विरुद्ध आहे. पगार कामाचा असतो, ताटकळण्याचा नसतो.

ओझ्याच्या बाबतीत महाराष्ट्रानं आणखी एक पाऊल टाकलं. पाठीवर पोती वाहणाऱ्यांसाठी 1969 मध्ये माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या माथाडी संघटनेचा लढा होता. मंडळ स्थापून मालक आणि हमाल दोघांची नोंदणी, पगाराबरोबर भविष्यनिर्वाह निधी आणि औषधपाणी, अशी रचना झाली. आज मालक वेगळा, उद्या वेगळा, तरी जबाबदारी कुणाची तरी ठरलेली.

जमिनीवर बसणाऱ्यांचं काय?

आता या सगळ्यातली फट सांगते. कायद्यानं विचार केला उभ्या असणाऱ्यांचा. ज्या आधीपासूनच बसलेल्या आहेत, पण जमिनीवर, पाय दुमडून, पाठीचं कमान करून, त्यांच्याकडे बघितलं कुणी?

आपल्या शेजारचं निपाणी घ्या. तंबाखूच्या वखारींत बायका दिवसभर धुळीत बसून तंबाखू चाळायच्या, निवडायच्या. विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून हजार विडीचा हिशेब पुरा करायच्या. टेकायला भिंतही मिळाली तर नशीब. 1970 च्या दशकाच्या अखेरीस प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं या बायका संघटित झाल्या आणि मजुरीसाठी, माणसासारख्या वागणुकीसाठी रस्त्यावर उतरल्या. त्यांच्यावर 1982 साली 'युगांतर' या बायकांच्या गटानं माहितीपट काढला. एका छोट्या सीमाभागातल्या गावच्या कष्टकरी बायका साऱ्या देशानं बघितल्या.

विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा होता. पण विडीचं काम घरी नेलं, की वखार संपली आणि मालकाची जागाही संपली. पानं आणि तंबाखू त्याचे. उजेड, चटई आणि कंबर बाईची. पापडाचं, शिलाईचं, इमिटेशनच्या माळा ओवायचं काम घरी येतं तेव्हा हेच होतं.

इचलकरंजीतही असंच. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथं पहिला यंत्रमाग आणला आणि गाव वस्त्रनगरी झालं. पण कारखाने कायदा लागू व्हायला वीज वापरत असाल तर दहा कामगार लागत. चार-सहा मागांच्या शेडमध्ये तेवढी माणसं कुठली असायला? मग कांडी भरणारी बाई पाटावर बसली काय, पोत्यावर बसली काय, विचारणारा निरीक्षक तिथं पोचतच नव्हता.

टेबल-खुर्चीवाल्या

तुम्ही म्हणाल, ऑफिसातल्या बायकांचं बरं आहे, सावलीत खुर्चीवर बसतात. पण नुसतं बसणंही शरीराला बाधतं, हे फार जुनं ज्ञान आहे. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे वैद्य होते. 1700 साली त्यांनी कामधंद्यांमुळे होणाऱ्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे त्यात कारकुनांचीही भर घातली. कारकुनाच्या दुखण्याची त्यांनी तीन कारणं दिली: सतत बसून राहणं, हात एकाच दिशेनं चालवत राहणं, आणि चूक होऊ नये म्हणून डोक्यावरचा ताण. डेटा एंट्री करणाऱ्या आपल्या पोरींना ही तिन्ही कारणं आज वाचून दाखवा, त्या म्हणतील, हे आमच्याबद्दलच आहे.

आपल्याकडे बँका आणि कचेऱ्यांत संगणक येऊ लागले ते 1980 च्या दशकात. 1984 मध्ये रंगराजन समितीनं बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. तेव्हा सगळी चर्चा चालली ती नोकऱ्या राहणार की जाणार याची, आणि ती काळजी खरीच होती. पण जुन्या लाकडी टेबलावर नवा संगणक येऊन बसला आणि खुर्ची तीच राहिली. लेजर लिहायला केलेलं टेबल की-बोर्डला उंच पडतं. मग खांदे वर उचलून टाइप करायचं. युरोपात 1990 नंतर संगणकावर काम करणाऱ्यांसाठी वेगळे नियम झाले: खुर्चीची उंची आणि पाठ मागंपुढं करता आली पाहिजे, पाय टेकत नसतील तर पायपाट दिला पाहिजे, मधेमधे विश्रांती दिली पाहिजे, आणि हे सगळं बघायचं मालकानं. आपल्याकडे मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्थान 1959 पासून कामगारांच्या शरीराचा आणि यंत्राचा मेळ कसा घालावा याचा अभ्यास करतं. पण तो अभ्यास तालुक्याच्या पतसंस्थेपर्यंत फारसा झिरपलेला दिसत नाही.

आणखी एक अडचण आहे. कामामुळे होणाऱ्या आजारांची जी यादी 1948 च्या कायद्याला जोडलेली होती, तिच्यात शिशाची विषबाधा आहे, फुप्फुसाचे रोग आहेत, पण साध्या कंबरदुखीचं नाव नाही. कंबर हळूहळू जाते. अपघातासारखी तारीख-वेळ दाखवता येत नाही. त्यामुळे 'घरी धुणं-भांडी करता, त्यानं दुखत असेल' असं म्हणून हात झटकता येतात. धुणं-भांड्यांनी दुखतंच की. पण घरी दोन तास आणि कामावर आठ तास, यातला जास्त भार कुणाचा?

दुकानातल्या बायकांनी खुर्ची कशी मिळवली

दुकानातल्या नोकरदार बायकांची गोष्ट सगळ्यात उशिरा आली. इंग्लंडात 1899 सालीच कायदा झाला होता की दुकानात तीन स्त्री-नोकरांमागे किमान एक बैठक असावी. आपल्याकडे हे घडायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, आणि घडवलं ते केरळातल्या बायकांनी.

कोळिकोडच्या बाजारपेठेत विजी नावाची शिलाईकाम करणारी बाई होती. दुकानातल्या पोरी दहा-दहा तास उभ्या. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही, लघवीलाही जायला जागा नाही, म्हणून पाणीच प्यायचं नाही. विजींनी 2009 च्या सुमारास बायकांची संघटना बांधली. 2014 च्या अखेरीस त्रिशूरच्या एका मोठ्या साड्यांच्या दुकानातल्या विक्रेत्या बायका याच हक्कासाठी संपावर बसल्या आणि शंभरावर दिवस बसून राहिल्या. शेवटी 2018 मध्ये केरळ सरकारनं दुकान कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय सक्तीची केली. 2021 मध्ये तमिळनाडूनं तेच केलं. बसायचा हक्क मिळवायला त्या बायकांना आधी रस्त्यावर बसावं लागलं.

आज कायदा काय म्हणतो

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यातली एक कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांबद्दल आहे. जुनं कलम 44 फक्त कारखान्याचं होतं. नवी संहिता 'आस्थापना' म्हणते, म्हणजे दहा किंवा जास्त माणसं असलेली व्यापार-धंद्याची जागाही तिच्यात येते. उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय, हे कल्याणकारी सुविधांच्या यादीत आहे. इजा किंवा धंद्यातला आजार होईल असा धोका कामाच्या जागी ठेवायचा नाही, हे मालकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. नेमणुकीचं पत्र द्यायचं आहे.

आणि ईएसआय विसरू नका. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल आणि तुमची वर्गणी कापली जात असेल, तर कंबरदुखीचा इलाजही तिथं होतो. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली तर नियमात बसणाऱ्या कामगाराला आजारपणाच्या दिवसांचा साधारण सत्तर टक्के पगार मिळतो. पगाराच्या पावतीवर ईएसआयची कपात आहे का, हे आज रात्रीच बघा.

मागायचं काय, तेही सांगते. मोठी महागडी फिरती खुर्ची नको. पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर पायाखाली आपला जेवणाचा पाट ठेवला तरी चालतो. आपल्यातल्या बहुतेक जणी पाच फुटांच्या आसपास, आणि बाजारातली खुर्ची उंच माणसाच्या मापाची. कमरेच्या खळग्याला आधार पाहिजे. टाइप करताना कोपर टेबलाच्या उंचीला यावं, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. आणि अर्ध्या-पाऊण तासानं एकदा उठून चार पावलं चालायची मुभा. यातलं शेवटचं तर फुकट आहे, आणि तेच द्यायला जिवावर येतं. एकटीनं तोंडी मागू नका. चौघी-पाचजणींनी सह्या करून, तारीख घालून अर्ज द्या आणि प्रत जपून ठेवा. लोखंड्यांनीही सह्यांनीच सुरुवात केली होती. ऐकलं नाही तर कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, दुकान आणि ऑफिससाठी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. पायात गोळे येणं, मुंग्या येणं, पाय बधिर होणं असं असेल तर मात्र तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि आता आपली पाळी

शेवटचा मुद्दा आपल्या घरचा आहे. आज आपले गट नुसती बचत करत नाहीत. कुणाचा शेवया-पापडाचा उद्योग आहे, कुणाचं शिलाई केंद्र, कुणाचा मसाला कांडप. दहा-पंधरा बायका मजुरीवर येतात. म्हणजे त्यांच्यापुरत्या मालक आपणच झालो. मशीन घ्यायला बँकेकडे प्रस्ताव करताना त्यात मशीनची किंमत लिहितो, शेडचं भाडं लिहितो, पॅकिंग लिहितो. पाठ असलेल्या स्टुलांची रक्कम लिहितो का? पापड लाटायला कमरेइतका ओटा बांधायचं कुणी सुचवलं, तर 'आपल्याला खालीच बसायची सवय' म्हणून ते मागं पडतं. गिरणीमालकही हेच म्हणत असणार, की यांना सवय आहे.

दहा माणसांच्या खाली असलो तर कायदा कदाचित आपल्याला विचारणार नाही. पण कांडीवाल्या बायकांना विचारणारं कुणी नव्हतं ते याच आकड्यांमुळे. त्या फटीतून आपण वर आलो; आता दुसऱ्या बाईला त्याच फटीत ढकलायचं नाही. पुढच्या मासिक मीटिंगच्या विषयपत्रिकेवर एक ओळ घाला: कामाच्या जागी बसायची सोय. कुणाला किती दुखतं ते एकेकीला विचारा, वहीत लिहा, आणि गटाच्या नफ्यातून पहिला खर्च कशाचा करायचा ते ठरवा. ठराव झाला की त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्यायला विसरू नका.